साथीला उभी राहिले तेव्हा

मी डबल बास वाजवते, म्हणजे उभं धरून वाजवायचं खालच्या स्वरांचं मोठं तंतुवाद्य. जॅझ हे माझं काम आहे आणि पोटही आता त्यावरच चालतं. या वाटेवर येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की त्यांचे बहुतेक प्रश्न सोलोबद्दलचे, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवण्याबद्दलचे, असतात. वेगात हात कसा बसवायचा, कुठले स्केल घोटायचे, आपली अशी शैली कधी सापडते. काम कसं मिळतं हे विचारताना मात्र ती घुटमळतात, जणू तो प्रश्न संगीताबाहेरचा आहे. माझा अनुभव असा की तो पुरेपूर संगीतातलाच प्रश्न आहे. सुरुवातीच्या वर्षांत श्रोत्यांमुळे मला एकही काम मिळालं नाही. सगळी कामं इतर वादकांनी दिली, आणि तीही माझा सोलो आवडला म्हणून नव्हे. माझ्या साथीवर त्यांना स्वतःला मोकळेपणाने वाजवता आलं, म्हणून.

हे कसं घडत गेलं ते सांगते.

सुरुवात पियानोपासून झाली होती. बासची ओढ लागली ती पॉल चेंबर्स या बासवादकामुळे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधल्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या पहिल्याच रचनेत मूळ चाल बास वाजवतो आणि बाकीचे वादक दोन-दोन कॉर्डनी (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुळणीने) त्याला उत्तर देतात. चेंबर्स तेव्हा २३ वर्षांचा होता. मी तो तुकडा पियानोवर वाजवून पाहायचे. स्वर सगळे बरोबर यायचे, पण त्या बासमधलं वजन काही केल्या येईना. ते वजन हातात यावं, या एका इच्छेने मी वाद्य बदललं.

दुसरं कारण व्यवहाराचं होतं आणि तेही सांगायला हवं. माझ्या आसपास पियानो वाजवणारे पुष्कळ होते, बासवाले फार थोडे. पुढे वाचताना लक्षात आलं की बासच्या इतिहासात अशी कारणं जागोजागी आहेत. मिल्ट हिंटन मुळात व्हायोलिन वाजवायचा. बोलपट आले, मूकपटांना साथ करणारे थिएटरांतले वाद्यवृंद बंद पडले, व्हायोलिनची कामं आटली आणि तो बासकडे आला. चार्ल्स मिंगस आणि रॉन कार्टर हे दोघेही चेलोवरून बासवर आले. शास्त्रीय वाद्यवृंदात काळ्या वादकाला जागा मिळणार नाही, हे त्यामागचं कडू सत्य होतं. याच रॉन कार्टरच्या नावावर गिनीजने २०१५ मध्ये २,२२१ ध्वनिमुद्रणांची नोंद केली. जॅझमधल्या कुठल्याही बासवादकापेक्षा ती जास्त आहेत. पहिल्यांदा वाचताना मी त्या आकड्याने नुसतीच थक्क झाले होते. आता त्याचा अर्थ वेगळा लागतो: इतक्या वेगवेगळ्या लोकांना, इतक्या वेगवेगळ्या संगीतासाठी, आपल्या पाठीशी हाच माणूस हवा होता. तो आकडा साथीचा आहे.

बास आधी शरीराची परीक्षा घेतो. ई, ए, डी, जी अशा चार तारा, सगळ्यात खालच्या खुल्या तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. जॅझमध्ये सर्रास वापरतात त्या तीन-चतुर्थांश मापाच्या बासवरही वाजणारी तार मीटरभरापेक्षा लांब असते, त्यामुळे खालच्या जागांवर डाव्या हाताच्या पहिल्या आणि शेवटच्या बोटात जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो. पडदे नाहीत. बोट जरासं सरकलं की सगळा बँड बेसूर वाटू लागतो, कारण बाकीचे आपला सूर बासवरून ठरवत असतात. उजव्या हाताच्या बोटांना फोड येतात, ते फुटतात आणि मग हळूहळू घट्टे पडतात. माझ्या गुरुजींनी पहिले कित्येक महिने बोटांनी वाजवण्यापेक्षा बो (व्हायोलिनला असतो तसा गज) जास्त धरायला लावला. जॅझमध्ये बास बहुतेक वेळ बोटांनीच वाजतो, मग बो कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, “बोटाने छेडलेला स्वर विरून जातो, त्यात खोट लपते. बो लावला की स्वर टिकतो आणि खोट तोंडावर येते. आधी ती ऐकायला शीक.” आजही सकाळची माझी पहिली वीसेक मिनिटं लांब बो आणि संथ स्वर यांतच जातात.

सुरानंतर लय. खरं तर लय आधी. वॉकिंग बासमध्ये प्रत्येक मात्रेला एक स्वर असतो, बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या एका खंडात, चार, आणि गाणं संपेपर्यंत ही चाल सुटत नाही. कागदावर याहून सोपं काही दिसणार नाही. मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायचा, म्हणजे ड्रमर जिथे हाय-हॅट, म्हणजे पायाने चालणारी झांजांची जोडी, मिटतो तिथे, ही पहिली पायरी. नंतर ठोका फक्त चौथ्या मात्रेवर. नंतर दोन बारमध्ये मिळून एकच. ठोके जितके विरळ होतात तितकी मधली पोकळी स्वतः धरून ठेवावी लागते. संथ लय सगळ्यात अवघड. जलद वाजवताना हात धावतो आणि वेळ भरून निघतो. मिनिटाला ६० मात्रांच्या बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, दोन स्वरांमधलं अंतर उघडं पडतं.

पण मेट्रोनोमवर बिनचूक वाजवणं आणि माणसांबरोबर लय धरणं यांत फरक आहे, आणि तो खोलीत एकटीने बसून कळत नाही. स्वर कधी सुरू होतो याइतकंच तो कधी संपतो हेही महत्त्वाचं असतं. प्रत्येक स्वर पुढच्या स्वरापर्यंत पुरला तर चाल पुढे सरकते. मध्ये तुटला तर अडखळल्यासारखी होते. ड्रमरच्या राइड सिम्बलच्या (लय धरणाऱ्या मोठ्या झांजेच्या) टोकावर माझा स्वर नेमका पडला की दोन्ही मिळून एकच आवाज होतो. तो आवाज ज्यांना सापडतो त्यांना एकमेकांना सोडवत नाही. बास आणि ड्रमची जोडी कित्येकदा एकत्रच बोलावली जाते ती त्यामुळे.

गाणी पाठ करण्याचं काम मी कागदावरून सुरू केलं नाही, आणि याबद्दल मी गुरुजींची फार ऋणी आहे. आधी ध्वनिमुद्रण ऐकायचं, मूळ चाल गायची, मग प्रत्येक कॉर्डचा आधारस्वर गायचा, मग वाद्य हातात घ्यायचं. शब्द असतील तर शब्दही पाठ करायचे. सॅक्सवादक लेस्टर यंग शब्द माहीत असण्याला फार महत्त्व द्यायचा. बासवाल्याला त्याचा उपयोग काय, असं वाटू शकतं. पण गायिकेने श्वास कुठे घ्यायचा हे शब्दांवरून ठरतं, आणि तिने श्वास घेतला की तिथे काय भरायचं किंवा काय मोकळं ठेवायचं, हे मला ठरवायचं असतं.

बारा बारचा ब्लूज, बत्तीस बारचा ए-ए-बी-ए साचा (ए भाग दोनदा, मग वेगळा बी भाग, मग पुन्हा ए), त्यात पुन्हा पुन्हा येणारा टू-फाइव्ह-वन हा तीन कॉर्डचा क्रम. एकदा ही हाडं ओळखीची झाली की नवं गाणं पूर्ण नवं राहत नाही. जॉर्ज गर्शविनच्या १९३० च्या ‘आय गॉट रिदम’मधला कॉर्डचा क्रम तर इतक्या रचनांखाली दडलेला आहे की जॅझवाले त्याला नुसतं ‘रिदम चेंजेस’ म्हणतात. सॅक्सवादक चार्ली पार्करचं १९४५ चं ‘को-को’ हे ‘चेरोकी’ या आधीच्या गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे. बासवाल्याला हे ज्ञान वरची चाल झेपायच्या आधी उपयोगी पडतं. अनोळखी गाणं सुरू झालं तरी सांगाडा ओळखता आला की मी उभी राहू शकते.

‘रिअल बुक’ नावाचा जॅझ रचनांचा जो जाडजूड संग्रह सगळीकडे दिसतो, तो १९७० च्या दशकात बोस्टनच्या बर्कली या संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी परवान्याशिवाय तयार केला आणि तो हातोहात पसरला. त्याची अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये निघाली. मीही तो वापरला आहे, आता तर फोनवरच्या ॲपमध्ये हजारो गाण्यांचे कॉर्ड मिळतात. माझा आक्षेप एवढाच की कागदाकडे पाहणारी बासवाली ड्रमरकडे पाहत नाही. आणि छापील कॉर्ड म्हणजे कुणीतरी कधीतरी ऐकून उतरवलेले कॉर्ड. समोरचा पियानोवादक वेगळे वाजवत असेल तर त्या क्षणी त्याचे बरोबर.

जॅम सेशनबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं पुढचं सगळं तिथून आलं.

जॅममध्ये एक ठरलेला बँड असतो. तो पहिला भाग वाजवतो आणि मग बाहेरच्यांना मंच खुला करतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं मिंटन्स प्लेहाउस १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला याच कारणाने गाजलं. थेलोनियस मंक तिथल्या बँडचा पियानोवादक होता, केनी क्लार्क ड्रमर, आणि बीबॉप हा जॅझचा वेगवान, गुंतागुंतीचा प्रकार पुष्कळसा तिथल्या रात्रींतून घडला. नवख्याला परतवून लावण्यासाठी तिथे अनवट पट्ट्या आणि अवघड कॉर्ड निवडले जात असं सांगतात. त्याआधी कॅन्सस सिटीत किशोरवयीन पार्कर जॅममध्ये चुकला तेव्हा जो जोन्स या ड्रमरने त्याच्या पायांशी सिम्बल टाकून त्याला थांबवल्याचा किस्सा तर सगळ्यांना माहीत असतो. तो सांगणारे पुष्कळदा पुढचा भाग सांगत नाहीत: पार्कर नंतर ओझार्क डोंगरांतल्या एका ठिकाणी उन्हाळाभर कामाला गेला, बरोबर लेस्टर यंगच्या तबकड्या नेल्या आणि त्यातले सोलो स्वरन् स्वर शिकून परतला. मला त्या सिम्बलपेक्षा या उन्हाळ्याचं महत्त्व जास्त वाटतं. अपमानाने कुणी शिकत नाही. मी ज्या सेशनांमध्ये वाढले तिथली माणसं कडक होती, पण चुकलेल्याला पुन्हा बोलवायची. माझ्या मते चांगल्या सेशनची हीच खूण.

जॅमची भाषा हातवाऱ्यांची असते आणि ती कुठे लिहिलेली नसते. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की मूळ चालीकडे परत या. चार बोटं दाखवली की आता ड्रमरशी चार-चार बारची देवाणघेवाण. शेवटचा तुकडा तीनदा म्हणून संपवायचं हे पुष्कळदा नुसत्या नजरेवर ठरतं. टेनर सॅक्सवाला ‘जी’ म्हणतो तेव्हा माझ्यासाठी ती पट्टी एफ असते, कारण त्याचं वाद्य बी-फ्लॅटचं. आल्टो सॅक्सवाल्याचं गणित निराळं. गायिका आपल्या गळ्याची पट्टी सांगते आणि ती छापील पट्टीपेक्षा बहुधा वेगळी असते. म्हणून ठरावीक गाणी सगळ्या बारा पट्ट्यांत वाजवण्याचा रियाज मी ठेवला. तो फार कंटाळवाणा आहे आणि मला सगळ्यात जास्त कामं त्यानेच मिळवून दिली.

बासवाल्याला जॅममध्ये एक मोठा लाभ असतो. सॅक्सवाले रांगेत उभे असतात, एका गाण्यात एक सोलो वाजवून खाली उतरतात. बासवाले दोनच असतील तर एकेकाला सलग चार-पाच गाणी वाजवावी लागतात, आणि प्रत्येक सोलोवाल्याच्या मागे. एका रात्रीत मी डझनभर लोकांना साथ करायचे. त्यांपैकी काहींना लय सांभाळता यायची नाही, काही आवर्तन विसरायचे आणि मला त्यांना बी भागावर आणून सोडावं लागायचं. तिथे मी शिकले की हरवलेल्या माणसासाठी काहीतरी हुशारीचं वाजवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा वेळी बारच्या पहिल्या मात्रेवर आधारस्वर ठणठणीत द्यायचा, म्हणजे त्याला आपण कुठे आहोत ते कळतं.

तिथल्या एका ज्येष्ठ ड्रमरने मला जे सांगितलं ते माझ्या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं वाक्य. सेशन संपल्यावर सामान आवरताना ते म्हणाले, “सोलोवाला वर चढला की तूही वर चढतेस. त्याला तसं आवडतंही. पण मग खाली कोण उरतं? तू खाली राहिलीस तर तो आणखी वर जाईल.” मी म्हटलं, “पण मग मी त्याला प्रतिसाद देत नाही असं नाही का वाटणार?” ते म्हणाले, “तू ऐकते आहेस हे त्याला स्वर मोजून कळत नाही. लय घट्ट झाली की कळतं.” पुढच्या खेपेला मी ठरवून खालच्या दोन तारांवर राहिले. सोलो वाजवणारी ट्रम्पेटवादक नंतर स्वतः येऊन माझं नाव आणि नंबर विचारून गेली.

मला पहिला फोन तिच्याकडून आला. नेहमीचा बासवाला आजारी, आज रात्री येशील का? बदली म्हणून जाणं हे या क्षेत्राचं खरं प्रवेशद्वार आहे आणि ते फार थोड्या वेळासाठी उघडतं. मी पोचले तेव्हा चार्ट, म्हणजे रचनांचे लिहिलेले कागद, आधीच पाहिलेले होते, ज्या रचना त्यांच्या स्वतःच्या होत्या त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकलेली होती, आणि साऊंडचेकच्या आधी बास सुरात लावून, ॲम्प जोडून तयार होता. मंचामागे एकाने “बास कुणी आणून ठेवलाय, वादक कुठे आहे?” असं विचारलं. “मीच,” एवढं म्हणून मी उरलेली तार लावली. हा प्रश्न मला पुढेही अनेक ठिकाणी ऐकावा लागला. बासवादक बाई असू शकते हे ज्यांच्या मनात येत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात मी संध्याकाळ घालवत नाही, पण तो प्रश्न बोचत नाही असंही म्हणणार नाही. एस्पेरांझा स्पाल्डिंगने २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी घेतलं, हा मान मिळवणारी ती पहिली जॅझ कलाकार, आणि तीही बासवादक. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

बदलीच्या कामात वाजवण्याइतकंच बाकीचंही मोजलं जातं. वेळेवर येणं, निरोपाला लगेच उत्तर देणं, येणार नसाल तर ‘नाही’ तत्काळ सांगणं. शब्द दिलेली तारीख जास्त पैशांचं काम आलं म्हणून सोडायची नाही. ज्याच्या जागी गेलो त्याचं काम आपल्याकडे ओढायचं नाही. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही, पण सगळे पाळतात आणि जो पाळत नाही त्याचं नाव फार लवकर सगळ्यांना कळतं. मी ज्या बासवाल्याच्या जागी वाजवलं, त्यानेच पुढे मला सर्वांत जास्त कामं दिली. एका रात्री दोन ठिकाणी तो असू शकत नव्हता, आणि त्याच्या जागी गेलेलं माणूस त्याची जागा परत देईल ही खात्री त्याला माझ्याबद्दल होती.

पैशांबद्दल तरुण वादक बोलायला लाजतात आणि त्याचा फायदा घेतला जातो. एका आयोजकाने मला कार्यक्रम झाल्यावर मानधन सांगितलं, आणि ते प्रवासालाही पुरणारं नव्हतं. तेव्हापासून होकार देण्याआधी मी विचारते: रक्कम किती, कधी मिळणार, तालमी किती आणि त्यांचे पैसे वेगळे का, प्रवास कुणाकडे, बास न्यायची सोय काय. विमानाने बास नेणं हे स्वतंत्र संकट आहे. जाड पेटी घ्या, नाहीतर तिथे भाड्याने बास मिळेल का हे आधी पाहा. उत्तरं लेखी मागते, निदान संदेशात तरी. असं विचारल्यामुळे माझं एकही चांगलं काम गेलेलं नाही.

केवळ क्लबमधल्या वादनावर महिना निघत नाही, निदान माझा तरी निघत नाही. शिकवण्या, समारंभांतलं वादन, नाटकांची आणि जाहिरातींची ध्वनिमुद्रणं, दुसऱ्यांच्या अल्बममधली साथ, अधूनमधून एखादा महोत्सव, असं सगळं मिळून उत्पन्न उभं राहतं. समारंभातल्या वादनाला नाक मुरडणारे वादक मला समजत नाहीत. तिथे लोक बोलत असतात, ऐकत नसतात, आणि तरीही लय ढळू न देता चार तास वाजवायचं असतं. वेस मॉन्टगोमेरी वर्षानुवर्षं दिवसा कारखान्यात राबून रात्री क्लबांमध्ये गिटार वाजवायचा. दुसरं काम करावं लागतं म्हणून कुणी कमी वादक ठरत नाही.

हक्कांचं गणित मात्र प्रत्येकाने पहिल्या ध्वनिमुद्रणाआधी समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. एका ध्वनिमुद्रणात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यावर मी कितीही सुंदर सोलो वाजवला तरी रचनेचं स्वामित्वधन मूळ रचनाकाराला जातं. नुसत्या कॉर्डच्या क्रमावर मात्र सहसा कुणाचा हक्क लागत नाही. बीबॉपवाल्यांनी जुन्या कॉर्डवर इतक्या नव्या चाली बांधल्या त्याला कलेबरोबर हेही एक कारण होतं: नव्या चालीचे पैसे तिच्या कर्त्याला मिळत. साथीदार म्हणून गेलं तर बहुतेक वेळा एकरकमी मानधन मिळतं आणि तिथे हिशेब संपतो. अनेक देशांत प्रसारणातून वादकांनाही वाटा मिळतो, पण त्यासाठी आपलं नाव नोंदवलेलं असावं लागतं. स्वतःच्या रचना मी स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवते, अगदी दोन मिनिटांची असली तरी.

कानांकडे आणि हातांकडे लक्ष द्यायला मला उशिरा नव्हे, वेळेतच भाग पाडलं गेलं, कारण गुरुजींना एका कानाने कमी ऐकू यायचं. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. सिम्बलच्या शेजारी उभं राहणाऱ्या माणसाने हे आकडे पाठच करावेत. उंच-खालच्या सगळ्या स्वरांचा आवाज सारखाच कमी करणारे, वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात. ते घातले की सुरुवातीला दुरून ऐकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. मनगट दुखू लागलं की मी थांबते आणि वाद्याशिवाय गाणी पाठ करते. तारा फार उंच ठेवून मर्दुमकी दाखवण्याची एक परंपरा बासमध्ये आहे. ॲम्प नव्हता, आतड्याच्या तारा होत्या, तेव्हा आवाज पोचवायला त्याची गरज होती. आज ती नाही.

आणि मग स्वतःचं संगीत. साथीचं एवढं गुणगान केल्यावर हे लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं: साथ करणं म्हणजे मागे राहणं नव्हे. बासवादक जिमी ब्लँटन १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये २३ व्या वर्षी गेला. तेवढ्यात बास काय करू शकतो याची कल्पनाच त्याने बदलून टाकली. बासवादक स्कॉट लाफारोने २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये पियानोवादक बिल इव्हान्सबरोबर वाजवलं आणि अकरा दिवसांनी तो अपघातात गेला. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात बास आणि पियानो अक्षरशः एकमेकांशी बोलतात. दोघेही साथीदार होते, आणि दोघांनाही तशी मोकळीक देणारे नेते लाभले होते. ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडमधून वेन शॉर्टर, ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड, विंटन मार्सालिस असे कितीतरी जण घडून बाहेर पडले. ब्लेकी तरुणांना नुसतं वाजवायला लावत नसे, त्यांच्या रचना बँडमध्ये घेत असे.

माझ्या रचनाही पहिल्यांदा अशाच दुसऱ्याच्या बँडमध्ये वाजल्या. त्या ट्रम्पेटवादकबाईंनीच एकदा विचारलं, “तू लिहितेस का काही? पुढच्या तालमीला घेऊन ये.” मी आणलेल्या रचनेतला कॉर्डचा क्रम माझ्या डोक्यात स्पष्ट होता, पण चार्टवर पियानोसाठी इतकं सगळं लिहिलं होतं की वादकाला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. तालमीत आम्ही निम्मं खोडलं आणि रचना उभी राहिली. जॅझमध्ये लिहिणं म्हणजे इतरांना काय ठरवू द्यायचं हे ठरवणं, हे त्या खोडण्यात कळलं.

आता माझी स्वतःची चौकडी आहे: टेनर सॅक्स, पियानो, ड्रम आणि मी. तयार झाल्यावर बँड काढू, असं म्हणत थांबू नये, असं माझं मत आहे. ड्रमर टोनी विल्यम्स १९६३ मध्ये सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसकडे वाजवू लागला. त्याला कुणी तयार होईपर्यंत थांबायला सांगितलं नाही. उलट सॅक्सवादक सॉनी रॉलिन्स १९५९ मध्ये, नावाजलेला असताना, मैफली सोडून जवळजवळ दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत राहिला. पुढे जाणं आणि थांबणं या दोन्ही गोष्टींना ठरलेलं वय नाही. मी दोन्ही करते: बँड चालवते, दुसऱ्यांची कामं घेते, आणि वर्षातले काही आठवडे तारखा न घेता फक्त शिकते. सध्या आडव्या बोने सोलो वाजवण्यावर मेहनत चालली आहे. सूर अजून हवा तसा लागत नाही.

नेता झाल्यावर कामाची दुसरी बाजू दिसली. आता फोन मी करते. सॅक्सवादक निवडताना तो किती वेगात वाजवतो हे मी पाहत नाही. दुसरा सोलो वाजवत असताना तो कुठे पाहतो ते पाहते. ऐकत असेल तर चेहऱ्यावर कळतं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे एक नवीन ड्रमर येणार आहे, वयाने अगदी लहान. जॅममध्ये एका हरवलेल्या गायिकेला त्याने दोनच ठोक्यांत मूळ चालीवर आणलं, ते मी पाहिलं होतं. मानधन, तालमीच्या तारखा आणि येण्याजाण्याची सोय त्याला आधीच कळवली आहे. चार्ट आणि ध्वनिमुद्रणंही पाठवली. त्याचा काल निरोप आला: तिसऱ्या रचनेत बी भागाच्या शेवटी दोन बार जास्त आहेत का, आणि असतील तर तिथे मी वाजवू का थांबू? त्या दोन बारांत काय व्हावं हे मी अजून ठरवलेलं नाही. तालमीत आधी तो वाजवेल, मग थांबेल, आणि आम्ही चौघं ऐकून ठरवू.